मायकेल अँजेलो व तोम्मासो काव्हालिएरी यांचा पत्रव्यवहार : मसुदे, पाठभेद आणि एका लिंगबदलाची कथा

१. विषयप्रवेश

जुन्या कागदांचा संग्रह करणारास वाळवी आणि पावसाचें पाणी हे दोन शत्रु चांगले परिचित असतात. तिसरा शत्रु घरांतलाच असल्यामुळें त्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. घराण्याच्या नांवलौकिकास जपणारा एखादा सुविद्य वंशज पूर्वजाचे कागद छापावयास घेतो आणि त्यांतील अडचणीचा शब्द हळूच बदलतो, तो हा शत्रु होय. वाळवीनें खाल्लेली जागा निदान मोकळी दिसते, आणि वाचणारा सावध होतो. दुरुस्त केलेला मजकूर मात्र अखंड दिसतो. म्हणून त्यावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास बसतो.

ह्या प्रकाराचें एक ठळक उदाहरण म्हणून इटालियन शिल्पकार मायकेल अँजेलो बुओनार्रोती (१४७५–१५६४) आणि रोम येथील सरदारपुत्र तोम्मासो देइ काव्हालिएरी (मृत्यु १५८७) यांच्यामधील पत्रें व तदनुषंगिक कविता यांचा वृत्तांत येथें देण्याचें योजिलें आहे. एका पुरुषानें दुसऱ्या पुरुषास लिहिलेलीं हीं प्रेमपत्रें आहेत. त्यांचा पाठ कसा बिघडला व पुनः कसा शुद्ध झाला, हें पाहिल्यास कागदपत्रांचें शोधन करणारास कांहीं बोध घेतां येईल, अशी आशा आहे.

२. व्यक्ति व काल

१५३२ सालच्या उत्तरार्धांत मायकेल अँजेलो रोम येथें असतां त्याची तोम्मासोशीं ओळख झाली. त्या वेळीं मायकेल अँजेलो ५७ वर्षांचा असून त्याची कीर्ति इटलीभर पसरली होती. तोम्मासो अगदीं तरुण होता. तो कुलीन, रूपवान व प्राचीन शिल्पाचा शोकी असून चित्रकलेचा अभ्यास करीत असे. पुढें मायकेल अँजेलोच्या आराखड्याप्रमाणें रोमच्या कॅपिटोल टेकडीवरील इमारतींचें काम चाललें, तेव्हां त्यावर देखरेख करणारांत तोम्मासो होता. त्याचा विवाह झाला होता, व त्याचा पुत्र एमिलिओ हा संगीतकार म्हणून प्रसिद्धीस आला. सारांश, पत्रव्यवहारांतील दुसरा पक्षही कलेच्या व्यवसायास अगदीं परका नव्हता.

त्या काळची परिस्थिति ध्यानांत ठेविली पाहिजे. फ्लॉरेन्समध्यें पुरुषा-पुरुषांतील संबंधांची चौकशी करण्याकरितां १४३२ पासून १५०२ पर्यंत एक स्वतंत्र अधिकारी मंडळ होतें. त्याच्या अधिकाऱ्यांस ‘रात्रीचे अधिकारी’ म्हणत. मायकेल अँजेलोचें बालपण व तारुण्य त्याच शहरांत गेलें. कायद्याचा धाक आणि धर्माचा निषेध असे दोन्ही अंकुश त्या समाजावर होते. दुसऱ्या बाजूस प्लेटोच्या ग्रंथांचें नवें अध्ययन चाललें होतें, व देहसौंदर्याच्या दर्शनानें आत्मा ईश्वराकडे चढतो हा विचार विद्वानांत प्रतिष्ठित झाला होता. मायकेल अँजेलोस जें म्हणावयाचें होतें त्यासाठीं ही भाषा त्याला उपलब्ध होती, आणि त्यानें ती वापरली. ती केवळ आडपडदा म्हणून वापरली कीं खऱ्या श्रद्धेनें वापरली, ह्याचा निर्णय कागदावरून होत नाहीं.

३. पत्रें

फ्लॉरेन्स येथील बुओनार्रोती घराण्याच्या दफ्तरांत मायकेल अँजेलोच्या हातचे जे कागद आहेत, त्यांत तोम्मासोस लिहावयाच्या पत्रांचे मसुदे आहेत. पहिला गट १५३२ ची अखेर व १५३३ चा आरंभ ह्या वेळचा असून त्यांत एकाच आशयाचे तीन मसुदे सांपडतात. ज्या मनुष्यानें पोपांशीं बरोबरीनें वाद घातला, त्याला एका तरुणास चार ओळी लिहितांना तीन वेळां कागद घ्यावा लागला, ही गोष्टच बोलकी आहे. मजकुरांत तो स्वतःस अत्यंत लहान करून घेतो. आपण प्रथम पत्र लिहिण्याचें धाडस केलें याबद्दल क्षमा मागतो आणि तोम्मासोस त्या युगाचा प्रकाश म्हणून गौरवितो.

ह्या मसुद्यांपैकीं एकाखालीं जो ताजा कलम आहे, तो संग्राहकांनीं विशेष पाहण्यासारखा आहे. जी वस्तु मनुष्य दुसऱ्यास देतो, तिचें नांव घेणाऱ्यास कळविणें रास्त झालें असतें, परंतु मर्यादेस्तव ह्या पत्रांत तें केलेलें नाहीं, असा त्याचा भावार्थ आहे. वस्तु म्हणजे सोबत पाठविलेलीं चित्रें, असें मानावयास आधार आहे. नांव गाळलें आहे, आणि गाळल्याचें मात्र मुद्दाम नमूद केलें आहे. आपल्याकडील राजकारणी पत्रांत ‘बाकी मजकूर जबानीवरून कळेल’ असें जेव्हां येतें, तेव्हां शोधकाचे कान जसे टवकारतात, तसेंच येथें व्हावें.

तोम्मासोचें १ जानेवारी १५३३ चें उत्तर शिल्लक आहे. तें शहाण्या मुलाचें पत्र आहे. आपलीं जीं कांहीं कामें मायकेल अँजेलोनें डोळ्यांनीं पाहिलीं, त्यांत इतका लोभ जडण्यासारखें कांहीं नाहीं, असा विनय तो करतो. परंतु आपणही कोणा मनुष्यावर याहून अधिक प्रेम केलें नाहीं, असें स्पष्ट सांगतो. प्रकृति बरी नसल्यामुळें पिएर अंतोनिओनें आणून दिलेलीं दोन चित्रें पाहण्यांत आपण रोज निदान दोन तास घालवूं, असेंही तो कळवितो.

दुसरा गट १५३३ च्या जुलै महिन्यांतील आहे. मायकेल अँजेलो तेव्हां मेदिची घराण्याच्या कामासाठीं फ्लॉरेन्सला परतला होता, आणि आपला विसर पडला कीं काय, अशी शंका तोम्मासोनें पत्रांत प्रकट केली होती. ह्या आक्षेपानें मायकेल अँजेलो फार व्याकुळ झालेला दिसतो. ज्या अन्नावर आपण जगतों तें विसरणें एक वेळ शक्य होईल, पण तुमचें नांव विसरणें शक्य नाहीं, कारण अन्न केवळ देहाचें पोषण करतें आणि नांव देह व जीव या दोहोंचें, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. ह्याही पत्राचे एकाहून अधिक मसुदे आहेत. आपलें प्रेम मोठें, किंबहुना अमर्याद आहे, असें तो तेथें उघड म्हणतो.

ह्या सुमारास बार्तोलोमेओ आंजोलिनी व चित्रकार सेबास्तियानो देल पिओंबो हे रोमहून मायकेल अँजेलोस पत्रें लिहीत. आंजोलिनीच्या द्वारें तोम्मासोचा निरोप व कुशल त्याला पोंचे. म्हणजे हा स्नेह चोरून चाललेला नव्हता, जवळच्या मंडळींस तो माहीत होता. थट्टाही होत असे. सेबास्तियानोनें १५३३ च्या जुलैंत असें सुचविलें कीं, मेदिची प्रार्थनामंदिराच्या घुमटाच्या शिखरांत गॅनिमीड काढावा आणि त्याच्या मस्तकाभोंवतीं तेजोवलय घालावें, म्हणजे तो स्वर्गास जाणारा संत योहान दिसेल. झ्यूस देवानें गरुडरूपानें उचलून नेलेला सुंदर कुमार तो गॅनिमीड. मायकेल अँजेलोनें तोम्मासोस दिलेल्या चित्रांपैकीं एक त्याचेंच होतें. थट्टेचा रोख कोठें आहे, हें सांगावयास नको.

४. चित्रें हेंही पत्रच

दिलेलीं चित्रें ह्या पत्रव्यवहाराचाच भाग मानलीं पाहिजेत. गॅनिमीड, गिधाडानें काळीज टोचला जाणारा टिटिअस, सूर्याच्या रथावरून कोसळणारा फाएथॉन, आणि बालकांचा मद्योत्सव हीं त्यांत प्रमुख होत. फाएथॉनचे तीन पाठ आज अनुक्रमें लंडनचें ब्रिटिश म्युझियम, विंडसरचा राजसंग्रह व व्हेनिसची अकादेमी येथें आहेत. ब्रिटिश म्युझियममधील कागदावर चित्राखालींच मायकेल अँजेलोच्या हातची एक टीप आहे. हा कच्चा आराखडा पसंत नसेल तर उर्बिनोस सांगावें, म्हणजे कबूल केल्याप्रमाणें उद्यां सायंकाळपर्यंत दुसरा करतां येईल. पसंत असेल व पुरा करून हवा असेल तर परत पाठवावा, असा तिचा अर्थ आहे. उर्बिनो हा त्याचा नोकर. पोपांस वर्षानुवर्षें ताटकळत ठेवणारा कारागीर येथें एका रात्रीची मुदत घेतो आहे. चित्राची किंमत करणारानें ही टीप वगळली, तर त्या कागदाचें निम्मेंअधिक मोल गेलें.

६ सप्टेंबर १५३३ च्या पत्रांत तोम्मासो कळवितो कीं, पोप, कार्डिनल इप्पोलितो दे मेदिची व इतर अनेक जण हीं चित्रें पाहून गेले. कार्डिनलास टिटिअस व गॅनिमीड स्फटिकावर कोरून घेण्याची इच्छा झाली. टिटिअस देण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं, आणि जोव्हान्नी बेर्नार्दी त्यावर काम करीत होता. गॅनिमीड मात्र तोम्मासोनें प्रयत्नानें वांचविला. १५६२ सालीं क्लिओपात्राचें एक चित्र त्याला ड्यूक कोझिमो यास द्यावें लागलें. तें देतांना आपल्या मुलांपैकीं एखादें दुरावल्यासारखें वाटलें, असें त्यानें सोबतच्या पत्रांत लिहिलें आहे. संग्राहकाच्या मनाची ही अवस्था ह्या पत्रिकेच्या वाचकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

१८ फेब्रुवारी १५६४ रोजीं मायकेल अँजेलो रोममध्यें वारला. त्याच्या मरणसमयीं जवळ असलेल्या थोड्या लोकांत तोम्मासो होता. ओळख होऊन त्या वेळीं एकतीस वर्षें उलटलीं होतीं.

५. पाठाचा बिघाड

समकालीनांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. १५४७ सालीं बेनेदेत्तो व्हार्की यानें फ्लॉरेन्सच्या अकादेमीपुढें मायकेल अँजेलोच्या कवितेवर व्याख्यान दिलें, त्यांत त्यानें तोम्मासोचें नांव उघड घेतलें. व्हासारीनें १५६८ च्या चरित्रांत, मायकेल अँजेलोचें सर्वांहून अधिक प्रेम तोम्मासोवर होतें, असें लिहिलें. कुत्सित बोलणारेही होते. पिएत्रो आरेतिनो यानें १५४५ सालच्या पत्रांत चित्रें मिळण्याचें भाग्य कोणास लाभतें, याबद्दल टोमणा मारला आहे. १५५३ चा चरित्रकार कोंदिव्ही हा गुरूच्या प्रेमाच्या निर्मलतेची ग्वाही देण्यास पुढें येतो. ग्वाही देण्याची गरज वाटली, यावरून लोकापवाद होता हें सिद्ध होतें.

बिघाड झाला तो पुढें, घरांतच. मायकेल अँजेलोच्या पुतण्याचा मुलगा, ज्यास धाकटा मायकेल अँजेलो म्हणतात, यानें १६२३ सालीं फ्लॉरेन्स येथें पूर्वजाच्या कविता प्रथम पुस्तकरूपानें छापल्या. हा गृहस्थ स्वतः नाटककार व विद्वान होता. त्यानें कवितांची भाषा घासूनपुसून गुळगुळीत केली आणि त्याबरोबर पुरुषास उद्देशून असलेले शब्द बदलून ते स्त्रीस उद्देशून केले. एका सुनीतांत कवीनें तोम्मासोच्या आडनांवावर श्लेष केला आहे. ‘काव्हालिएर’ म्हणजे घोडेस्वार योद्धा, त्याच्या हातीं आपण बंदी झालों, असें तेथें म्हटलें आहे. छापील प्रतींत तो शब्द जाऊन त्याच्या जागीं सद्‌गुणांनीं सज्ज असें एक हृदय आलें. एका शब्दाच्या फेरानें मनुष्य नाहींसा झाला आणि सुभाषित उरलें.

हा फेरफार किती सुलभ व किती घातक आहे, हें इंग्रजी वाचकापेक्षां मराठी वाचकास लवकर उमगेल. इटालियन भाषेंत आपल्याप्रमाणेंच विशेषणें व धातुसाधितें लिंग दाखवितात. ‘आला’चें ‘आली’ केलें कीं वाक्य मोडत नाहीं, अर्थ मात्र पालटतो. मात्र उलट बाजूनेंही एक सावधगिरी घेतली पाहिजे. मायकेल अँजेलो तोम्मासोस ज्या आदरार्थी पदानें संबोधितो, तें पद इटालियनांत व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी आहे व तें पुरुषांसही लावतात. आपल्या पत्रांतील ‘त्यांस’ ह्या आदरार्थी बहुवचनावरून जसें स्त्री कीं पुरुष हें ठरत नाहीं, तसेंच हें. मायन्याचें व्याकरण आणि मनाचा कल यांत गल्लत करूं नये.

१६२३ चा हाच पाठ दोनशें चाळीस वर्षें प्रमाण मानला गेला. ह्या दीर्घ काळांत मायकेल अँजेलोची प्रेमकविता ज्यांनीं वाचली, त्यांनीं बहुतांशीं एका कल्पित स्त्रीस उद्देशून लिहिलेली कविता वाचली.

६. पाठाचें शोधन

१८६३ सालीं चेझारे ग्वास्ती यानें कवीच्या हस्तलिखितांवरून कवितांची आवृत्ति काढली, तेव्हां मूळ शब्द प्रथमच प्रकाशांत आले. १८७५ सालीं, मायकेल अँजेलोच्या जन्मास चारशें वर्षें पूर्ण झालीं त्या प्रसंगीं, गाएतानो मिलानेसी यानें पत्रांचा संग्रह छापला. मिलानेसीनें मजकूर छापला, पण तो पचविणें त्याला कठीण गेलें. तोम्मासोस लिहिलेलीं पत्रें वस्तुतः पेस्कारा येथील सरदारपत्नी कवयित्री व्हित्तोरिया कोलोन्ना हिच्यासाठीं होतीं, असा तर्क त्यानें टिपेंत मांडला. नाम एकाचें, भाव दुसरीचा, असा हा युक्तिवाद.

ह्या तर्काचें खंडन करण्यास कालगणना पुरे. पत्रें १५३२–३३ चीं. व्हित्तोरियेशीं मायकेल अँजेलोची मैत्री जुळली ती त्यानंतर कांहीं वर्षांनीं. तोम्मासोचें प्रत्युत्तर स्वतंत्रपणें उपलब्ध आहे. मध्यस्थांचीं पत्रें तोम्मासोचेंच नांव घेतात. चार बाजूंचे कागद एक गोष्ट सांगत असतां टीपकारानें पांचवी कल्पिली, कारण चारांनीं सांगितलेली त्याला रुचली नाहीं.

हें खंडन करणारा इंग्रज विद्वान म्हणजे जॉन अॅडिंग्टन सिमंड्स (१८४०–१८९३). त्यानें १८७८ सालीं ग्वास्तीच्या पाठावरून सुनीतांचें इंग्रजी भाषांतर केलें होतें. पुढें बुओनार्रोती दफ्तर पाहण्याची दुर्मिळ परवानगी मिळवून त्यानें मूळ कागद स्वतः तपासले आणि मायकेल अँजेलोचें दोन खंडांचें चरित्र लिहिलें. त्यावर १८९३ हें साल आहे. धाकट्या मायकेल अँजेलोच्या लबाडीवर व मिलानेसीच्या तर्कावर त्यानें स्पष्ट बोट ठेविलें. तरीही तो पुराव्याबाहेर गेला नाहीं. तें प्रेम सौंदर्यपूजेच्या स्वरूपाचें होतें, असाच त्याचा निष्कर्ष होता.

सिमंड्सची स्वतःची कथा ह्या वृत्तांतास जोडून सांगितलीच पाहिजे. तो स्वतः पुरुषांकडे आकृष्ट होणारा होता. इंग्लंडांत १८८५ च्या कायद्यानें अशा संबंधांस, ते खाजगी असले तरी, शिक्षा ठरविली होती. ग्रीक लोकांतील ह्या प्रेमावरचा त्याचा निबंध १८८३ सालीं केवळ १० प्रतींचा छापला गेला. त्यानें लिहिलेलें आत्मचरित्र त्याच्या स्नेह्यानें १९२६ सालीं लंडन लायब्ररीच्या स्वाधीन केलें, तें ५० वर्षें छापूं नये ह्या अटीवर. त्याचे उरलेले बहुतेक कागद साहित्यिक एडमंड गॉस याच्या पुढाकारानें जाळले गेले. आत्मचरित्र अखेर १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. चारशें वर्षांपूर्वींच्या माणसाचा शब्द ज्यानें त्याला परत मिळवून दिला, त्याच्या स्वतःच्या शब्दांवर अशी गति ओढवली. इंग्लंडांतील तो कायदा १९६७ पर्यंत चालला. इंग्रजांनीं १८६० च्या दंडसंहितेंत आपल्या देशासाठीं घातलेलें ३७७ वें कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतें सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्द केलें.

पुढील शोधनाचा क्रम थोडक्यांत असा: १८९७ त कार्ल फ्राय याची पाठभेदांसह आवृत्ति, १९६० त जिरार्दी याची ३०२ कवितांची चिकित्सक आवृत्ति, आणि १९६५ ते १९८३ ह्या काळांत निघालेले समग्र पत्रव्यवहाराचे पांच खंड.

७. निष्कर्ष

ह्या कागदांवरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें वेगळें सांगणें अवश्य आहे. एका पुरुषानें दुसऱ्यावर उत्कट व आजन्म प्रेम केलें, तें शब्दांत व चित्रांत व्यक्त केलें, व दुसऱ्यानें तें आदरानें स्वीकारलें, इतकें निर्विवाद आहे. त्यांचा देहसंबंध होता किंवा नव्हता, याविषयीं कागद मौन धरतात, आणि त्या मौनास कोणत्याही बाजूनें वाचा फोडणें शोधकास शोभणार नाहीं. ‘समलिंगी’ ह्या आजच्या शब्दाचा युरोपीय मूळ शब्दही १८६९ सालींच प्रथम छापून आला. तो १५३३ च्या माणसानें स्वतःस लावला नसता. परंतु शब्द नवा म्हणून भाव नव्हता असें म्हणणें, ही १६२३ च्या चुकीचीच दुसरी आवृत्ति होय.

शेवटीं धाकट्या मायकेल अँजेलोच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यानें छापतांना शब्द बदलले, पण मूळ कागद जाळले नाहींत. ते त्यानें जतन केले व घराण्याच्या वास्तूंत ठेविले. म्हणूनच ग्वास्ती व सिमंड्स यांस त्याची चूक पकडतां आली. गॉसच्या अग्नीवर मात्र कोणत्याही शोधकाचा इलाज चालत नाहीं.

आपल्याकडील घराण्यांच्या दफ्तरांतही राजकारण, हिशेब व वतनाचे निवाडे यांच्या शेजारीं केवळ जिव्हाळ्याचे कागद बांधलेले असतात. सनद निघाली तर आपण ती छापतों, आणि असा कागद निघाला तर रुमाल पुनः आवळतों. ‘यांत इतिहास कांहीं नाहीं’ असें म्हणणें सोपें आहे. पण मायकेल अँजेलोचे ते तीन मसुदे कोणी निरुपयोगी म्हणून टाकले असते, तर त्या पुरुषाचा हात कोठें थरथरला, हें आज कोणास कळलें नसतें. राजवाड्यांनीं बखरीहून अस्सल पत्रास श्रेष्ठ मानावयास शिकविलें. तो नियम प्रेमाच्या पत्रासही लागू आहे. अशी पत्रें छापावयाचीं किंवा नाहीं, हा वंशजांच्या विवेकाचा प्रश्न होऊं शकेल, आणि कांहीं काळ बंद ठेवण्याची अटही समजण्यासारखी आहे. मात्र नक्कल करावयाची ती मूळाबरहुकूम करावी, ‘तो’ असेल तेथें ‘तो’च लिहावा, खोडलेला शब्द खोडलेलाच दाखवावा, आणि अस्सल कागद कोणत्याही कारणास्तव नष्ट करूं नये. एवढें आपल्या पिढीनें पाळलें, तर आपल्या चुका दुरुस्त करण्याची सोय पुढल्यांस राहील.